धार चालू आहे, तरी मशीन तापतंय

नमस्कार मंडळी. 31 जुलैला मासेमारीची बंदी उठते, मग नारळ वाहायचा आणि होड्या पाण्यात ढकलायच्या, ही घाई मला माहितीये. म्हणून आत्ताच बोलतो, कारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे जे फोन येतात त्यातले निम्मे तरी एकच वाक्य बोलतात, "मशीन तापता, पण पाणी तर मारता." मशीन म्हणजे होडीच्या मागे लावतो ते आउटबोर्ड इंजिन, त्याच्या मागून पडणारी पाण्याची धार चालू आहे, मग तापतंय कसं?

ही धार म्हणजे काय ते आधी बघू. खाली पायाच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या भागाच्या, जाळीतून समुद्राचं पाणी आत येतं, गिअरच्या वरती रबराचा इंपेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक असतं ते शाफ्टबरोबर फिरतं आणि पाणी पाइपातून वर इंजिनाला ढकलतं, ते पाणी सिलिंडरभोवती फिरून थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, उघडला की एक्झॉस्टमधून बाहेर जातं. बऱ्याच मशीनमध्ये धारेचं पाणी या वाटेत मधूनच काढलेलं असतं, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. म्हणजे धार एवढंच सांगते की पंप पाणी वर पोचवतोय. ते पाणी पुढे सगळीकडे फिरतंय का, हे ती सांगत नाही. आणि उलटंही होतं, पंप एकदम ठीक असतो पण धारेच्या भोकात मीठ नाहीतर वाळू बसलेली असते, नायलॉनची तंगूस घालून साफ केलं की धार चालू. तेवढ्यासाठी पंप खोलून बसलेले लोक मी बघितलेत.

म्हणून माझा पहिला प्रश्न धारेबद्दल नसतोच. कधी तापतं, ते सांगा. हळू चालताना तापतं आणि जोरात पळवलं की उतरतं? मग इंपेलर झिजलाय, कमी आरपीएमला तो पाणी उचलत नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. मोठ्या मशीनला प्रेशरने उघडणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो जोरात पळवल्यावर पाण्याला दुसरी वाट देतो म्हणून तेव्हा बरं वाटतं. उलट हळू चालताना ठीक आणि फुल थ्रॉटलला तापतं, तर तो व्हॉल्व्ह अडकलाय, जाळीवर प्लास्टिक चिकटलंय, आतल्या वाटा मिठाने अरुंद झाल्यात, नाहीतर मशीन ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, इतकं वर बसवलंय की जाळीत हवा जाते. एवढं नीट सांगितलंत तर अर्धं निदान फोनवरच होतं.

आपल्या देवबागला वाळूचा त्रास जास्त. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाणी उथळ, ओहोटीला त्सुनामी आयलंडच्या बाजूने जाताना पंखा वाळू उडवतो आणि तीच वाळू जाळीतून आत जाते, मग नुसता इंपेलर नाही, त्याच्याभोवतीचा कप आणि खालची प्लेटही घासली जाते. नवा इंपेलर घासलेल्या कपात बसवला तर पैसे फुकट गेले समजा. कपावरून नख फिरवा, चर लागला तर तोही बदला.

माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. एका बोटीचा इंपेलर मी बदलला, जुन्याची दोन पाती तुटलेली होती, मी बघितलं आणि टाकून दिला. धार मस्त आली. दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखाच्या बाहेर मशीन तापल्याचा बझर वाजला, आरपीएम आपोआप खाली आले, बोटीत माणसं होती आणि वारा बाहेरचा. नांगर टाकला म्हणून निभावलं. तुटलेल्या पात्याचा तुकडा वर सिलिंडरच्या जॅकेटच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या वाटेच्या, तोंडाशी अडकलेला निघाला. तेव्हापासून सगळी पाती जुळवून मोजल्याशिवाय मी मशीन बंद करत नाही.

थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. त्याच्या तोंडात दोरा अडकवून पातेल्यात पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि गरम करा, उघडला की दोऱ्यावरून सुटून पडतो. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण 50 ते 60 अंशाच्या आसपास उघडतात, गाडीपेक्षा खूप खाली, कारण खारं पाणी जास्त तापलं की आत क्षारांचा थर धरतो. पण थर्मोस्टॅट काढून टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याच्याशिवाय इंजिन थंडच चालतं, तेल-पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात.

समुद्रात तापलंच तर लगेच बंद करा, नांगर टाका, मशीन वर उचलून जाळी बघा. गरम हेडवर बादलीने पाणी मारू नका, हेड वाकतं. आणि किनाऱ्यावर पाण्याशिवाय "जरा चालू करून बघतो" हे तर नकोच, कोरडा इंपेलर बघता बघता जळतो. रोज परत आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश करा, आता दोन महिने जे मशीन तसंच पडून आहे त्याच्यात मीठ सुकून दगड झालेलं असेल.

बसवताना एकच लक्षात ठेवा, कप खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात. इथे टेबलावर एक पाय खोलून ठेवलाय, जुना कप आणि नवा कप शेजारी आहेत. जवळ या आणि आपापल्या नखाने फरक बघा.