रंगमंचावरचा नेता: आधी साल ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

राष्ट्रीय नेत्यावर नाटक करायचं ठरलं की मंडळी आधी फोटो शोधतात आणि मग त्या फोटोसारखा दिसणारा नट. सुरुवात इथेच चुकते. आधी साल ठरवायला हवं. प्रवेश कोणत्या वर्षी घडतो, जमल्यास कोणत्या तारखेला, हे संहितेच्या समासात लिहून ठेवा. वय, कपडे, चाल, आवाज सगळं तिथून निघतं.

टिळकांचंच बघा. जन्म १८५६ चा. न्यू इंग्लिश स्कूल निघालं १८८० च्या जानेवारीत. म्हणजे टिळक तेव्हा २३ वर्षांचे, आणि आगरकरही तेवढेच. तरी त्या प्रवेशात भरघोस मिशांचे, मंडालेहून परतलेले टिळक उभे केले, तर दोन तरुण मित्रांमधली धग जाते आणि वडीलधाऱ्याचा उपदेश उरतो. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. पुढचा दुरावा प्रेक्षकाला लागायचा असेल, तर ही बरोबरीची मैत्री आधी दिसायला हवी.

गांधीजींच्या बाबतीत तर वर्ष चुकलं की पोशाखच चुकतो. नुसत्या पंच्यावर ते आले २२ सप्टेंबर १९२१ ला, मदुराईत. १९१५ मध्ये भारतात परतले तेव्हा अंगात काठियावाडी अंगरखा, धोतर आणि डोक्याला मोठं पागोटं होतं. पेटीचा येरवडा चरखा आला १९३० च्या सुमाराला, तो असहकाराच्या प्रवेशात ठेवू नका. आणि चाल! दांडीला निघाले तेव्हा ते ६० वर्षांचे होते आणि झपाझप चालत. मुलींच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे वाकलेले गांधीजी शेवटच्या वर्षांतले आहेत.

रंगभूषेत नेहमी अडचण करते ती टकलाची रबरी टोपी. दिव्यांच्या उष्णतेने कपाळाला घाम येतो, डिंक सुटतो आणि दुसऱ्या अंकात टोपीची कड उचलते. नट तयार असेल तर वस्तरा फिरवलेला उत्तम. चष्म्याच्या काचा काढून टाका, नाहीतर त्यांत दिवे चमकतात आणि डोळे हरवतात. पगडीची सावलीही डोळ्यांवरच पडते. वरचा प्रकाश थोडा कमी करून समोरून, खालच्या कोनातून एक दिवा द्यावा. गांधीजींचे पडलेले दात दाखवायला पुढचे दात काळे करणं पुरेसं आहे. बोळक्या तोंडाची नक्कल नटाने केली की शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत.

आता सगळ्यात अवघड प्रवेश, येरवडा, सप्टेंबर १९३२. तुरुंगाच्या आवारात आंब्याखाली खाट, खाटेवर उपोषणाने खंगलेले गांधीजी आणि समोर सुटातले ४१ वर्षांचे बाबासाहेब. एक जण आडवा आणि दुसरा उभा, एवढ्यानेच प्रेक्षकाची सगळी माया खाटेकडे जाते आणि उभा माणूस निष्ठुर दिसतो. तोंडातून एक शब्द निघण्याआधीच बाबासाहेबांवर अन्याय झालेला असतो. म्हणून खाट मध्यभागी ठेवू नये. ती तिरकी लावावी आणि उशाकडची बाजू उंच करावी. झोपलेला नट मागच्यांना दिसत नाही, ती अडचणही त्याने सुटते. बाबासाहेबांना खुर्ची द्यावी, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर येतात. आणि त्यांच्या तोंडी हिशेब द्यावा. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना ७१ जागा होत्या, पण स्वतंत्र मतदारसंघांसह, म्हणजे त्या जागांसाठी फक्त अस्पृश्यांनीच मत द्यायचं. २४ तारखेच्या पुणे करारात जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. काय मिळालं आणि काय सोडावं लागलं हे प्रेक्षकाला आकड्यांनी कळलं, तरच हा दोन विचारांचा सामना होतो. गांधीजींचा आवाज इथे क्षीण हवा, पण ऐकू आला पाहिजे. त्यासाठी वाक्यं छोटी करावीत आणि मध्ये थांबे ठेवावेत. पट्टी फार उतरवू नये.

नेत्याच्या एंट्रीला टाळी येते आणि प्रवेश तिथेच मोडतो. दिवे येतील तेव्हा तो रंगमंचावर आधीच काहीतरी करत असावा, पत्र लिहीत, सूत कातत किंवा पाठमोरा पुस्तकं लावत. गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि चिठ्ठ्या लिहून उत्तरं देत. ज्याचं भाषण ऐकायला लोक आले तोच गप्प बसलेला आहे, असा प्रवेश लिहिण्याची ही आयती सोय लेखक फार कमी वापरतात याचं वाईट वाटतं.

भाषणं जपून वापरा. १९०८ च्या खटल्यात टिळक २१ तासांहून अधिक बोलले, पण लोकांच्या स्मरणात राहिलं ते शिक्षेआधीचं त्यांचं काही वाक्यांचं निवेदन. नाटकातही लांब वकिली कापून तेवढंच ठेवावं. आणि घोषवाक्य त्याच्या वर्षाआधी कुणाच्याही तोंडी घालू नये.

महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, म्हणून तारखा आणि वाक्यं त्याआधीच तपासा. त्याच सुमारास आणखी एक चाचणी घ्या. तालमीत एका नटाला फक्त विरोधकाची वाक्यं सलग वाचायला सांगा, मग ते आगरकर असोत, आंबेडकर असोत की इंग्रज न्यायाधीश. ती वाक्यं एकटी ऐकून पटत नसतील, तर तो प्रवेश पुन्हा लिहायला घ्यावा.