कुंडलिकेच्या मुखाशी

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागहून मुरूडकडे जाताना नागाव मागं पडतं, चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि रस्ता एका जुन्या तटातून रेवदंड्यात शिरतो. तो पोर्तुगिजांचा कोट. गाडीतले बहुतेक जण पुढं निघून जातात. तुम्ही मात्र इथं उतरा आणि तटाच्या कडेनं समुद्राकडे चालत जा. दगडांच्या फटींत वडापिंपळाची मुळं अशी घुसलीत, की भिंतीनं झाड धरलंय की झाडानं भिंत, कळू नये. पायाखाली काळसर वाळू.

चौल हे फार जुनं बंदर. वास्को द गामा यायच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथं उतरला. पुढं पालीवरून जुन्नरला गेला, तिथं खानानं तो घोडा काढून घेतला. बऱ्याच खटपटीनं तो परत मिळाला. या माणसाचं स्मारक आज रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात उभं आहे.

पण मला खरी ओढ आहे ती पलीकडच्या काठाची. कुंडलिका नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई गाव. 1739 साली वसई पडली, पुढच्याच वर्षी हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज इथून गेले. त्यांची बोली मात्र गेली नाही. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती कुटुंबं आजही ती घरात बोलतात. ‘नो लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची घडण आपल्या मराठीची, क्रियापद शेवटी! बोलणारे साधारण हजारभर. आपणही पगार, चावी, बटाटा हे शब्द त्याच पोर्तुगिजांकडून घेतले; कोर्लईकरांनी अख्खी बोली घडवली आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षं जपली. मला याचं फार अप्रूप वाटतं. तुम्ही गेलात तर गावातून सावकाश चाला, दारात बसलेल्या आजीशी मराठीत दोन शब्द बोला. तिला मराठी उत्तम येतं.

किल्ल्यावर मात्र ऊन कलल्यावर चढा. डोंगराची सोंड अगदी अरुंद आहे. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. त्या वेळी होड्या परतत असतात, आणि खाडीच्या तोंडाशी आल्या की वारा त्यांच्या इंजिनांचा आवाज थेट तटावर आणून सोडतो.