हरणाऱ्याची बाजू कोण लिहितो?

(पुण्यातल्या एका पटकथालेखन कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमांत लेखक म्हणून शिरकाव कसा करावा’ असा छापलाय. शेजारच्या सभागृहात याच वेळी ‘ओटीटीसाठी थ्रिलर’ चालू आहे. तरीही तुम्ही इथे बसलात, म्हणजे एकतर तुम्हाला खरंच रस आहे, नाहीतर तिथल्या खुर्च्या भरल्यात. मला दोन्ही चालेल.

आधी एक खुलासा करते, कारण मागच्या रांगेत कोल्हापूरची मंडळी दिसतायत. गंगावेस तालमीतल्या, लाल मातीतल्या, महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीबद्दल मी बोलणार नाहीये. त्या कुस्तीला लेखक लागत नाही. तिथे निकाल कुणी आधी लिहून ठेवला तर तिला आपण नुरा कुस्ती म्हणतो, आणि लिहिणाऱ्याला वस्ताद जोड्याने हाणतात. मी बोलतेय ती अमेरिकेतली, टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूई. पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ. जिच्या ट्रम्प कार्डांपायी तुमच्यातल्या निम्म्यांनी मधल्या सुट्टीत भांडणं केली असतील. उंचीला कोण, वजनाला योकोझुना, ते सगळं.

आता माझी तक्रार. मी मालिकांचे संवाद लिहिते, पोट त्याच्यावर चालतं. पण ‘मला कुस्तीचे कार्यक्रम आवडतात’ असं म्हटलं की समोरचा माणूस एकच वाक्य बोलतो: “पण ते खोटं असतं ना?” डॉक्टर विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. एकदा एका वाहिनीच्या बैठकीत एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं. तेव्हा समोरच्या टेबलावर माझ्याच मालिकेचा भाग पडला होता, ज्यात नायिकेची मेलेली जुळी बहीण मंगळागौरीला परत येते. ते त्याला खरं वाटत होतं!

अहो, त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय. 1989 साली न्यू जर्सीच्या सेनेटपुढे कंपनीने कबूल केलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. का? तर क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागू नयेत म्हणून. आपल्याकडे करमणूक म्हटली की कर बसायचा, त्यांचा करमणूक म्हटल्यामुळे वाचला. तेव्हा खरं-खोटं हा विषय त्याच वर्षी मिटलाय. उरतो तो आपल्या धंद्याचा प्रश्न: करमणूक आहे, तर ती लिहितं कोण?

पूर्वी कुणीच लिहीत नसे. ‘बुकर’ नावाचा माणूस असायचा, बहुतेकदा स्वतः पैलवान किंवा निवृत्त पैलवान. कोण जिंकणार, कोण हरणार, पुढच्या महिन्यात कोणत्या गावी कोण, हे तो ठरवायचा. जपानमध्ये आजही बरंचसं तसंच आहे. तिथल्या न्यू जपान या कंपनीचा वर्षानुवर्षं बुकर असलेला गेडो हा स्वतः रिंगमधला गडी. अमेरिकेत 1993 च्या जानेवारीत ‘रॉ’ हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा दर सोमवारचा कार्यक्रम सुरू झाला, 1995 च्या सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच सोमवारी, त्याच वेळेला ‘नायट्रो’ लावलं, आणि दर आठवड्याला प्रेक्षक पळवायची शर्यत लागली. त्या शर्यतीला लेखक लागले. ‘रॉ’ 2012 च्या जुलैत तीन तासांचं झालं. वर्षाचे बावन्न सोमवार, मध्ये सुट्टी नाही, सीझन संपणं नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी जरा हात वर करा. बघा, यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसतेय.

तर माझं म्हणणं, ज्यासाठी मी हे आमंत्रण खरं तर घेतलं, ते असं: या नोकरीत कोण जिंकणार हे लिहायला फारशी अक्कल लागत नाही. हरणाऱ्याला लिहावं लागतं. तो का लढला, हरल्यावर त्याचं काय गेलं, आणि पुढच्या सोमवारी त्याने कुठल्या तोंडाने परत यायचं. चाहते जिंकणाऱ्यांच्या याद्या करतात. लेखकाला पगार मिळतो तो पडलेल्या माणसासाठी.

याचा दाखला देते. थोडा लांबेल, पण तो पूर्ण ऐकल्याशिवाय मजा नाही.

मे 1996. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. केविन नॅश आणि स्कॉट हॉल हे दोघं पैलवान कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे निघालेत. त्यांचे जिगरी दोस्त शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच इथेच राहणार. कथेत यांच्यातले काही एकमेकांचे कट्टर वैरी. आणि शेवटची झुंज संपल्यावर चौघं भर रिंगमध्ये गळ्यात गळे घालून उभे राहिले! नायक, खलनायक, सगळे एकत्र, हात वर करून. कल्पना करा, आपल्या मालिकेच्या महासंगम भागात, चालू दृश्यात, सासूने सुनेला मिठी मारून “चल गं, तुझी आठवण येईल” म्हणावं. त्या काळी तो महाअपराध होता.

शिक्षा कुणाला करायची? दोघं तर निघून गेलेले. मायकल्स विजेता, त्याच्या अंगावर जेतेपदाचा पट्टा, त्याला हात लावता येत नाही. उरला ट्रिपल एच. जूनमधली ‘किंग ऑफ द रिंग’ स्पर्धा त्याने जिंकायची असं ठरलं होतं, ते काढून घेतलं. मोकळी झालेली जागा गेली स्टीव्ह ऑस्टिनकडे. डब्ल्यूसीडब्ल्यूने नारळ दिलेला, इकडे ‘रिंगमास्टर’ असल्या फुसक्या नावाने आणलेला माणूस.

23 जून, मिलवॉकी. उपांत्य फेरीत मार्क मेरोची लाथ लागून ऑस्टिनचा ओठ फाटतो. रुग्णालयात टाके घालून तो परत येतो. दुसऱ्या बाजूने अंतिम फेरीत येतो जेक रॉबर्ट्स. आता हा हरणारा बघा. उतारवयाला लागलेला, दारूत बुडालेला आणि त्यातून सावरून धर्माकडे वळलेला. बरं, ही दारू कथेतली नव्हती, खरी होती. बरगड्यांना पट्ट्या बांधलेल्या. लोक त्याच्या बाजूने. ऑस्टिन परततो तेव्हा मुलाखत घेणारा मायकल हेज त्याला सांगतो, तू नव्हतास तेव्हा जेकने तुझ्यावर एक धार्मिक भाषण ठोकलंय. बस. इतकंच.

झुंज पाचेक मिनिटांत आटोपते. टाके घातलेल्या ओठाने ऑस्टिन राजाच्या सिंहासनाजवळ उभा राहतो आणि बोलायला लागतो. मथितार्थ असा: तू बायबल आपट, प्रार्थना म्हण, त्याने तुझं काय भलं झालं? बायबलातलं जॉन 3:16 हे वचन काय सांगतोस, ऑस्टिन 3:16 सांगतं, मी आत्ताच तुला तुडवलाय!

पुढच्या काही आठवड्यांत प्रेक्षक ‘ऑस्टिन 3:16’ असे हाताने रंगवलेले फलक घेऊन यायला लागले. मग काळे टीशर्ट आले, ते इतके खपले की कुस्तीत दिलचस्पी नसलेल्यांच्याही अंगावर दिसायचे. आणि हे वाक्य कुणी लिहिलं नव्हतं. लेखक मंडळी ही गोष्ट सांगताना नेहमी पडेल चेहऱ्याने सांगतात, ‘बघा, उत्स्फूर्त होतं’. मला तसं वाटत नाही. ऑस्टिनचं वाक्य उत्स्फूर्त असेल, पण ते कशावर उभं राहिलं? हरणाऱ्याला आधी पूर्ण माणूस म्हणून उभं केलं होतं त्याच्यावर. जेकला भूतकाळ होता, श्रद्धा होती, बोलायला वेळ दिला होता. तो नुसताच पडायला आलेला गडी असता, तर ऑस्टिन बोलला काय असता? तमाशात सोंगाड्या हजरजबाबी असतो हे खरं, पण समोर सरदार ठाम उभा असला तरच त्याची बतावणी रंगते.

आणि ट्रिपल एच? त्यालाही हरवला, काही महिने खाली ठेवला, पण संपवला नाही. तो पुढे कंपनीच्या कथांचा प्रमुख झाला, आज रॉ कसं लिहायचं हे तोच ठरवतो. शिक्षा भोगलेल्या माणसाच्या हाती पट्टे वाटायचं काम! (हशा)

हसताय म्हणून अजून एक सांगते, उलट बाजूचं. व्हिन्स रुसो. लाँग आयलंडवर व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवायचा, रेडिओवर कुस्तीचा कार्यक्रम करायचा. कंपनीच्या मालकीणबाई लिंडा मॅकमॅहन यांना त्याने पत्र लिहिलं आणि कंपनीच्या मासिकात फ्रीलान्स काम मिळवलं. मग ‘व्हिक व्हेनम’ नावाने संपादक झाला आणि तिथून थेट टीव्हीच्या लेखनात. 1999 मध्ये तो डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला. सप्टेंबर 2000 मध्ये पिंजऱ्यातल्या झुंजीत त्याची गाठ बुकर टी (हे नाव, हुद्दा नव्हे) या खऱ्या पैलवानाशी. गोल्डबर्ग या दुसऱ्या पैलवानाने येऊन रुसोला अशी धडक मारली की तो पिंजऱ्याची भिंत फोडून बाहेर पडला. नियम काय? आधी बाहेर पडेल तो विजेता. म्हणजे लेखकाने स्वतःला जगज्जेता करून घेतलं! आपल्याकडे एखादा संवादलेखक तिसऱ्या महिन्यात नायिकेचा नवरा म्हणून मांडवात उभा राहिला तर वाहिनी काय करेल? मार्च 2001 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. कारणं पुष्कळ होती, सगळं रुसोच्या माथी मारू नये. पण जिथे लेखक जिंकतो तिथे हरायला कोणी शिल्लक राहत नाही, एवढं मी म्हणेन.

खलीचं पण बोलायचं होतं. आमच्या सासूबाई अजून... बरं, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू करायला हवा.

पटापट सांगते, लिहून घ्या.

पहिलं म्हणजे, आपल्या कथाकल्पना त्यांना पाठवू नका. ‘रोमन रेन्सने असं करावं, मग कोडी रोड्सने तसं’, हे कुणी मागितलेलं नसताना आलं तर कायदेशीर भानगड नको म्हणून कंपनी ते स्वीकारतच नाही. लेखकांच्या जागांच्या जाहिराती उघडपणे निघतात आणि त्यात टीव्हीलेखनाचा अनुभव मागतात. नमुना म्हणून तुमची स्वतःची पटकथा हवी, तीही कुस्तीबाहेरची. तिथे कोण गेलंय बघा ना: ब्रायन गेवर्ट्झ विनोदी कार्यक्रमांतून आला, ख्रिस क्रेस्की एमटीव्हीतून, फ्रेडी प्रिन्झ ज्युनियर तर सिनेमातला नट, जेन पेपरमन दुपारच्या मालिकांतून. सांगायचा मुद्दा हा की, रोज घरातल्या बायकांना हरवून परत उभं करणारे आपण या कामाच्या जास्त जवळ आहोत. अनुभव नसेल तर लेखकांच्या मदतनिसाची जागा बघा: नोंदी घ्यायच्या, बदल टाइप करायचे, बदललेली पानं धावत नेऊन द्यायची.

दुसरं, काम नेमकं कोणतं ते समजून घ्या. झुंजीतले डाव तुम्ही लिहीत नाही. ते पैलवान आणि प्रोड्यूसर मिळून बसवतात. प्रोड्यूसर हे जुने पैलवानच असतात. वेळ संपत आली की पंचाच्या कानातल्या यंत्रात ‘आवरा’ असा निरोप जातो. तुमच्याकडे येतात भाषणं, त्यांच्या भाषेत प्रोमो, आणि पडद्यामागचे छोटे प्रसंग. दुपारी पैलवानाशेजारी बसून त्याच्या तोंडात बसेल असं वाक्य करायचं. तो म्हणतो, मी असं बोलत नाही, की खोडायचं. कंपनीचे जुने मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्या काळात तर कार्यक्रमाच्या दिवशी अख्खी संहिता फाडल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. एईडब्ल्यूत, 2019 पासूनची ती कंपनी, बऱ्याच जणांना मुद्दे देतात आणि बाकी त्यांच्यावर सोडतात. दोन्ही जमायला हवं.

तिसरं, पैसे आणि संरक्षण. हे लेखक हॉलिवूडच्या लेखक संघटनेत येत नाहीत. 2007-08 चा संप असो की 2023 चा, बाकी अमेरिकेतल्या पटकथा थांबल्या, सोमवारचं रॉ चालू राहिलं. हे अभिमानाने सांगायचं की लाजेने, तुम्ही ठरवा. मी संपाच्या बाजूची आहे. व्हिसाचं मला विचारू नका, वकिलाला विचारा.

चौथं, भारतातून काय? वाट अरुंद आहे, खोटं कशाला बोलू. पण 2012 मध्ये कलर्सवर ‘रिंग का किंग’ लागायचं, अमेरिकेतल्या टीएनए कंपनीचं, ते आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चित्रित झालं होतं. इथून दुचाकीवर जाण्याइतक्या अंतरावर! दुसरा सीझन आला नाही. पुन्हा असं काही झालं तर हिंदी प्रोमो लिहायला माणसं लागतील, आणि ती मुंबई-पुण्यातूनच घ्यावी लागतील. जालंधरला खलीची अकादमी आहे, तिथे स्थानिक कार्यक्रम होतात. लहान जागी लिहायला मिळालं तर नाही म्हणू नका.

शेवटचं, घरी करायचा अभ्यास. दोन मिनिटांचा प्रोमो लिहा. बोलणारा कालच हरलाय. पराभव त्याने नाकारायचा नाही, पंचाला दोष द्यायचा नाही, रडायचं नाही. तरी ऐकणाऱ्याने पुढच्या सोमवारचं तिकीट काढलं पाहिजे. मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. अडीच मिनिटं झाली तर कापा, कारण जाहिरात तुमच्यासाठी थांबत नाही. मला पाठवलंत तर मी वाचेन; पीडीएफ नको, साधा मजकूर पाठवा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तरी एक प्रश्न घेऊ. हो, कोल्हापूरकर, तुम्हीच विचारा. पण ते खोटं असतं का, हे सोडून.