खावटीचा हुकूम झाला, पैसे कधी?

श्रोतेहो, नमस्कार. नवरा-बायको वेगळे झाले तरी लेकरांच्या वह्या, दूध, औषधपाणी थांबत नाही. त्यासाठी बापानं पैसे द्यायचे, म्हणजेच खावटी किंवा पोटगी, हे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतं. पण महिन्याला जास्तीत जास्त 500 रुपये, ही 1955 सालची मर्यादा! काही राज्यांनी आपापली वाढवली, केंद्राच्या कायद्यातून ती गेली थेट 2001 मध्ये. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि खावटी मोजायची अर्ज केल्याच्या तारखेपासून. लक्षात ठेवा, निकालाच्या नाही, अर्जाच्या तारखेपासून.

या प्रतिज्ञापत्राचं बळ मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या ओळखीच्या एक बाई खानावळीत पोळ्या लाटतात. त्यांच्याबरोबर मी तालुक्याच्या कोर्टात गेले होते. नवऱ्यानं लिहून दिलेलं, मी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर, महिना आठ हजार. सोबत बँकेचा उतारा जोडावा लागला. न्यायाधीशांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "आठ हजार कमावता, मग अकरा हजारांचा हप्ता कशाचा जातो?" टेम्पो त्याचाच होता.

तो गप्प. मग साहेबांनी सहज विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"तिसरीत, साहेब."

मुलगी मागच्या बाकावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "पाचवीत." तो घर सोडून गेला तेव्हा ती तिसरीत होती. बाईंनी पिशवीतून वही काढली. मुलीच्या संपलेल्या वहीच्या कोऱ्या पानांवर सगळा खर्च लिहिलेला, तोही मुलीच्याच अक्षरात. बूट, रिक्षाचे पैसे, तापात लावलेली सलाईन, गणवेश. (गणवेश एकाच ठरावीक दुकानातून घ्या, असं सांगणाऱ्या शाळांना माझा ठाम विरोध आहे. तोच कपडा बाजारात स्वस्त मिळतो, आणि एकट्या आईला तो फरक फार जड जातो.) साहेबांनी पानन् पान उलटून पाहिलं आणि सात हजारांचा हुकूम केला. बाई बाहेर येऊन कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिल्या.

दोन महिने पैसे आले. मग बंद. वॉरंट निघालं, शेरा आला, "पत्त्यावर मिळून आला नाही." आणि त्याचा टेम्पो रोज पहाटे मार्केट यार्डात उभा! हमालांना दिसतो, भाजीवाल्यांना दिसतो, वॉरंट बजावणाऱ्यालाच तेवढा दिसत नाही.

1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली. खावटीच्या 125 कलमाचं 144 झालं, पण वसुलीची वाट तीच राहिली. थकवणाऱ्याला न्यायाधीश महिन्याभरापर्यंत तुरुंगात पाठवू शकतात, पण तुरुंगात गेला म्हणून देणं फिटत नाही. ऑस्ट्रेलियात 1988 पासून सरकारी यंत्रणाच ही वसुली करते, पगारातून परस्पर कापूनही घेते. आपल्याकडे मात्र हुकूम घेऊन आईनंच फिरायचं. माझं स्पष्ट म्हणणं आहे, की वसुलीची जबाबदारी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयावर टाका. आणि दरवर्षीची वाढ हुकुमातच लिहा. आज रक्कम वाढवून घ्यायची तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तारखा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट विसरू नका. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. पुन्हा सांगते, एक वर्षाच्या आत. वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बायकांना आणि मुलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना हुकुमाची नक्कल आणि बँकेचं पासबुक बरोबर न्या. नमस्कार.