पिल्लांची घरघर: आधी अंथरूण बघा, मग औषध

श्रोते मंडळी, नमस्कार.

दिवाळी सरली, रात्रीचा गारवा वाढला, की जनावरांच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टरसाहेब, कोंबडीची पिल्लं खुरखुर करायलेत, एखादी पावडर द्या." पावडर आम्ही देतो, नाही असं नाही. पण त्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. पिल्लांखाली काय अंथरलंय? आणि श्वास घेताना आवाज येतो, की बिनआवाजाची नुसतीच चोच उघडते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिवसा मिळत नाही. रात्री जेवणं झाल्यावर पिल्लांजवळ जा, मिनिटभर बल्ब बंद करा आणि उगी उभे राहा. अंधारात पिल्लांचा चिवचिवाट थांबतो आणि आजारी पिल्लू आपोआप ओळखू येतं. कुणी शिंकतं, कुणाच्या छातीत घरघर वाजते. ते पिल्लू उचलून कानाशी धरा. नाकपुड्या बोटांनी हलक्या दाबून बघा, पाणी येतं का. नाकाला खाद्याची भुकटी चिकटली असेल, तर नाक वाहून गेलंय असं समजा.

आता बिनआवाजाचं बघू. पिल्लू मान वर करून, चोच वासून श्वास ओढतंय, पण घरघर नाही, आणि वय आठ-पंधरा दिवसांचं. अशा वेळी माझा पहिला संशय बुरशीवर जातो, आणि मराठवाड्यात तर आधी सोयाबीनच्या भुसकटावर. भाताचं तूस आपल्याकडे सहज मिळत नाही. मग लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, नाहीतर घरचंच सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट अंथरलं जातं. त्यात गैर काही नाही. पण काढणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो आणि गंजी भिजते. ते भुसकट वरून वाळल्यासारखं दिसतं, आतून नसतं. गंजीत कोपरापर्यंत हात घाला, मूठभर काढा, उन्हात धरून चोळा. हिरवट-करडी भुकटी उडाली आणि कुबट वास आला, तर ते पिल्लांखाली अजिबात नको. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते फुप्फुसात जाऊन रुजतात. मेलेलं पिल्लू उघडलं, तर फुप्फुसावर बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसतात.

या आजारावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट बुरशीचं फावतं. पाण्यात मोरचूद घालण्याचा जुना उपाय सांगतात, पण चिमटीच्या अंदाजानं तो करू नका, जास्त झाला तर विषच आहे. खरा इलाज म्हणजे सगळं भुसकट बाहेर काढायचं, जमीन झाडून कोरडी करायची आणि नवं, कडक उन्हात वाळवलेलं अंथरायचं. खाद्यात बुरशीचा मका असेल तर तोही बंद. फार धापा टाकणारी पिल्लं बहुधा वाचत नाहीत. मात्र हा रोग एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून त्याच दिवशी अंथरूण बदललं तर बाकीची राहतात.

घरघर ऐकू आली तर गोष्ट वेगळी. थंडी वाजू नये म्हणून माणसं चारी बाजूंनी पोती बांधतात आणि हवा कोंडते. विष्ठेतून निघणारा अमोनिया खालीच, पिल्लांच्या नाकाशी साचतो. आपण उभ्यानं वास घेतो, आपल्याला काही जाणवत नाही. उकिडवं बसा, तोंड पिल्लांच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले, तर पिल्लांच्या श्वासनळीची आतली नाजूक लव केव्हाच मेली आहे आणि पुढच्या जंतूंना रान मोकळं आहे. पोती खालून घट्ट बांधा आणि वर वीतभर फट सोडा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज उचला. काही जण ओल्यावर चुना टाकतात, त्यानं अमोनिया आणखी सुटतो. आणि खुराड्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची सवय असेल, तर पिल्लं आत असताना तो करू नका. कोळशाची शेगडीही बंद जागेत ठेवू नका.

ऊब हवीच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, पुढं दर आठवड्याला ५ अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली ढीग झाला तर थंडी, कडेला पांगून चोची वासल्या तर उकाडा. पूर्वी ६० वॅटचा बल्ब लावला की काम भागायचं. आता दुकानदार एलईडी देतो. उजेड झक्क पडतो, ऊब मात्र नाही, आणि घरधनी म्हणतो, "बल्ब तर चालू होता." तारेचा, तापणारा बल्ब मागून घ्या, आणि थंडीत पिल्लामागं २ वॅट धरा.

हवा आणि ऊब सुधारूनही घरघर राहिली, चेहरा सुजला, डोळ्यांत फेस आला, तर जुनाट श्वसनरोगाचा संशय घ्यायचा. याचा जंतू आईच्या अंड्यातूनही पिल्लात उतरतो. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं यावर चालतात, पण वजन आणि पाणी पिण्याचा हिशेब डॉक्टरांना करू द्या, आणि सांगितलेले दिवस पूर्ण द्या. पिल्लं सुधारली म्हणून दुसऱ्या दिवशी पुडी बांधून ठेवायची, हे नको. घरातल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या कुटून घालणं तर नकोच. कोलिस्टिन नावाचं औषध सरकारनं २०१९ मध्येच कोंबड्यांसाठी बंद केलं आहे, कुणी दिलं तर घेऊ नका. लसूण-हळदीला माझी हरकत नाही, पण नाकात तेलाचे थेंब सोडू नका, ते थेट फुप्फुसात जातं.

श्वास लागला, हिरवी हगवण झाली, पाय लुळे पडले, मान वाकडी झाली, तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिला औषध नाही, लस आहे. लासोटा या लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात इंजेक्शन. गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस साधारण चौदाव्या दिवशी, तीही चुकवू नका. लासोटानंतर चार-पाच दिवस हलकी शिंक येते, ती लसीचीच असते, लगेच औषध नको. अडचण एवढीच की कुपी शंभर पिल्लांची आणि आपल्याकडे चाळीस. उघडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते. गल्लीतल्या दोघींनी मिळून पिल्लं एकाच आठवड्यात आणली, तर एक कुपी दोघींना पुरते. बचत गटाला हे सहज जमतं. लस बर्फावरच आणा, आणि आजारी पिल्लाला देऊ नका.

एका रात्रीत धडाधड मर लागली, तर मात्र स्वतः काही करू नका. परभणीजवळच्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये शेकडो कोंबड्या मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेव्हाही तोच. मेलेलं पिल्लू ओढ्यात टाकू नका, शेजारी वाटू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. साधी मर असेल आणि कारण शोधायचं असेल, तर नुकतंच मेलेलं पिल्लू प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, बर्फ घालून आणा. सडलेल्यातून काही कळत नाही.

आणखी एक विचारतात: बरी झालेली पिल्लं पुढं ठेवावीत का? मानमोडीतून वाचलेलं किंवा जुनाट श्वसनरोगातून उठलेलं पिल्लू दिसायला धडधाकट असतं, जंतू मात्र अंगात राहू शकतो. त्याला नव्या पिल्लांत मिसळू नका. नवी तुकडी आणण्याआधी खुराडं धुऊन पंधरा दिवस रिकामं ठेवा. श्वसनरोगातून उठलेल्या तलंगा अंड्यावर आल्या, तर ती अंडी खुडूक कोंबडीखाली बसवू नका. औषध बंद होऊन डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटले असतील, तर खाण्यासाठी विकायला हरकत नाही.

नमस्कार.