सांगून येणारं वादळ आणि न सांगता येणारं

13 मे 2024, मुंबई. दुपारपर्यंत नुसता घाम, आणि चारच्या आसपास अचानक आभाळ पिवळट-तपकिरी झालं, धुळीचा लोट आला, समोरची बिल्डिंग दिसेना. घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं आणि त्याखाली 17 जण गेले. आता गंमत बघा, (गंमत कसली म्हणा) त्या दिवशी अरबी समुद्रात एकही चक्रीवादळ नव्हतं. हे होतं आपलं वळवाचं वादळ, जे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतं आणि ज्याला आपण फार सिरियसली घेत नाही.

होतं कसं, तर सकाळपासून जमीन तापते, तिला टेकलेली हवा तापून हलकी होऊन वर उठते, तिच्यात समुद्राकडून आलेलं बाष्प असेल तर वर जाऊन थंड होतं आणि ढग बनतो, असा तसा नाही, दहा-बारा किलोमीटर उंचीचा काळाकुट्ट ढग. म्हणून तर वळीव दुपारी तीन-चारनंतर येतो, सकाळी आठला सहसा नाही. मग त्या ढगातून पाऊस पडायला लागतो पण खालची हवा असते कोरडी, थेंब वाटेतच सुकायला लागतात, त्यानं हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली आदळून चारी बाजूंनी पसरते. पाऊस यायच्या आधी जो गार वारा सुटतो ना, आणि आपण खिडकीत उभं राहून मस्त वाटलं म्हणतो, तोच हा. जोर वाढला की पत्रे उडवतो, झाडं पाडतो. सगळा खेळ तासाभरात आटोपतो, आणि नेमक्या कुठल्या तालुक्यात होणार हे दोन दिवस आधी सांगणं जवळपास अशक्य.

याच ढगात गारा बनतात. वर जाणाऱ्या हवेचा जोर इतका असतो की गोठलेला थेंब खाली पडूच शकत नाही, ढगातच तरंगत राहतो, कांद्यासारखे बर्फाचे पापुद्रे चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की पडतो. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली तेव्हा गहू-हरभरा काढणीला आलेला, द्राक्षं बागेत लटकलेली. वर उत्तरेकडून गार कोरडी हवा, खाली दमट हवा, दोन्ही महाराष्ट्रावर भेटल्या.

आणि वीज. देशात दरवर्षी 2000 पेक्षा जास्त माणसं विजेनं मरतात, बहुतेक शेतात किंवा झाडाखाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं दामिनी ॲप आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की अलर्ट देतं, फुकट आहे, गावाकडच्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.

(उन्हाळ्यात मोकळ्या रानात पाचोळा गरगर फिरवणारी वावटळ वेगळी बरं का, तिला ढग लागतच नाही, ती तापलेल्या जमिनीवरूनच उठते आणि दोन-चार मिनिटांत विरते.)

आता येऊ चक्रीवादळाकडे. याचं जन्मस्थान समुद्र, तोही कोमट, साधारण 26-27 अंश आणि तेवढा गरमपणा पन्नासेक मीटर खोलपर्यंत पाहिजे. पाण्याची वाफ वर जाऊन ढग होताना जी उष्णता सुटते तेच याचं इंधन, त्यामुळे जमिनीवर आलं की ते मरायला लागतं. गरगर फिरतं ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे, आपल्याकडे घड्याळाच्या उलट्या दिशेनं, आणि अगदी विषुववृत्तावर ते बनत नाही कारण तिथे हा पीळच मिळत नाही.

मग समुद्र जुलैमध्येही कोमटच असतो, तेव्हा चक्रीवादळं का नाहीत? कारण मान्सूनमध्ये खाली वारे नैऋत्येकडून आणि वर बारा-पंधरा किलोमीटरवर एकदम उलटे, पूर्वेकडून, वादळ उभं राहायच्या आधीच त्याचा माथा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. म्हणून यांचे सीझन दोन, एप्रिल ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

बंगालच्या उपसागरात चार झाली तर अरबी समुद्रात एक, असं जुनं गणित. पण 2019 मध्ये अरबी समुद्रात पाच झाली आणि तिकडे तीन. आपला समुद्र तापतोय हे उघड आहे. तरी बरीचशी ओमानकडे नाहीतर गुजरातकडे वळतात, कोकणावर थेट येणारी कमीच, नोव्हेंबर 2009 चं फयान, आणि मग 3 जून 2020 चं निसर्ग. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटर, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. घराचे पत्रे महिन्याभरात बसतील, पण सुपारी पुन्हा लावून उत्पन्न यायला किती वर्षं, ते बागायतदाराला विचारा.

चक्रीवादळाचं एक बरं, ते सांगून येतं. सॅटेलाईटवर दिसतं, बंदरावर बावटा लागतो, होड्या परत बोलावता येतात. ओडिशात 1999 च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि 2019 ला फनी आलं तेव्हा आधीच दहा लाखांच्या वर लोक हलवले, मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

पण इशारा मिळणं वेगळं आणि हलणं वेगळं. मे 2021 मध्ये तौक्ते मुंबईजवळून समुद्रातूनच गेलं, किनाऱ्याला लागलं ते थेट गुजरातला. इशारे काही दिवस आधीपासून सुरू होते, तरी बॉम्बे हाय या मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात तेलविहिरींच्या कामाचे बार्ज (सपाट तळाची मोठी जहाजं) थांबले, त्यातला पी-305 नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. नौदलानं त्या खवळलेल्या पाण्यातून 180 पेक्षा जास्त जणांना वर काढलं. बार्ज आणि सोबतची टगबोट मिळून 80 पेक्षा जास्त कामगार मात्र परत आले नाहीत.