लेकीच्या लेकीपर्यंतचा आराखडा

(दृश्य: पहाट. कर्नाटकातल्या सौंदत्तीचा डोंगर, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट)

माघातली पुनव. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगली, निपाणीकडच्या गाड्या रात्रीपासूनच लागल्यात. परड्या, डोक्यावरचे जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेल्या टोपल्या, चौंडक्याचा ताल आणि ‘उदो गं आई उदो’. याच गर्दीत तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात असलेल्या या बायका बघा. देवीला सोडलं, म्हणजे देवदासी केलं, याचा अर्थ कळायच्या आतच हे मणी बांधले जात.

(दृश्य: निपाणीजवळची खोली. जमिनीवर पसरलेला मोठा कागद)

देवदासी प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या या कार्यकर्त्या. अर्ध्या मराठी बोलतात, अर्ध्या कानडी, आणि कागदावर दोन्ही लिप्या आहेत. पैसा तीन वर्षांचा मंजूर झालाय. कागदावर मात्र पुढची वीस वर्षं मांडलीत.

बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाच, 1934 साली, देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. 1982 साली कर्नाटकाने मुली सोडण्यावर बंदी घातली, महाराष्ट्राचा नवा कायदा त्यानंतर थेट 2005 चा. जत्रा एक, डोंगर एक, कायदे मात्र दोन राज्यांचे दोन. बंदी आली तसे डोंगरावर फलक लागले, पोलीस उभे राहिले, आणि मणी बांधायचा विधी देवळातून निघून घरातल्या अंधारात गेला. जत्रेपुरती मोहीम काढणाऱ्याला तो दिसणारच नाही.

म्हणून कागदावरचा पहिला रकाना जत्रेचा नाही, शाळेच्या हजेरीचा आहे. कुठल्या मुलीचं नाव पटावरून गळालं? तिच्या घरात कुणाचं दुखणं लांबलंय का, कुणाच्या केसात जट आलीय आणि ती देवीची हाक मानलीय का, मुलगा नाही म्हणून नवस बोललाय का? हे विचारायला दर महिन्याला त्याच घरी जावं लागतं, वर्षानुवर्षं.

दुसरा रकाना संघटना कुणाच्या हातात राहणार याचा. दाखला याच बेळगाव जिल्ह्यात आहे, घटप्रभेला. मायराडा संस्थेच्या पाठबळाने माजी देवदासींनी 1997 साली स्वतःची ‘मास’ ही संघटना उभी केली. बाहेरून आलेला कार्यकर्ता एक दिवस जाणारच. तो कधी जाणार हे आधीच ठरवायचं आणि तोवर हिशेबाची वही, बँकेतली सही, बैठकीचं अध्यक्षपद एकेक करून बायकांकडे सोपवायचं. आम्हाला या आराखड्यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. यातलं काहीच घाईने होत नाही. वही सोपवायची तर आधी अक्षरओळख हवी, सहीआधी बँकेत एकटीने जायची सवय हवी.

देवदासींच्या मुलांच्या वडिलांच्या नावाचा प्रश्न 2025 साली कर्नाटकाच्या नव्या विधेयकात आला. त्याचाही एक रकाना आखलाय.

(दृश्य: कागदावर एक सुरकुतलेला हात, पेन)

या मावशी माजी देवदासी. सही करायला पन्नाशीत शिकल्या. विसाव्या वर्षाच्या रकान्यात त्या नातीचं वय लिहितायत. नात आत्ता सात वर्षांची, दारात खेळतेय.

सत्तावीस.